शहजादीने चेहरा का झाकला?

अलिफ लैलामधली दुसऱ्या कलंदराची गोष्ट बऱ्याच घरांत माहीत असते. सांगणारा मात्र जिन आणि शहजादी यांच्या लढाईवरच रेंगाळतो. सिंह, विंचू, साप, गरुड, मग डाळिंब फुटून दाणे उधळतात, कोंबडा ते टिपत सुटतो. मुलांना तेच हवे असते. आम्हाला मात्र गेली दोन वर्षे त्या लढाईच्या आधीची चार ओळींची एक जागा सोडवत नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. एक शिकलासवरलेला शहजादा आहे. त्याचे अक्षर फार सुरेख. एका जिनाच्या तावडीत सापडून तो माकड होतो. शरीर माकडाचे आणि आत माणूस पुरता शाबूत. त्याला सगळे कळते, आठवते, लाज वाटते, भूक लागते. फक्त बोलता येत नाही. फिरत फिरत तो समुद्रकाठी येतो आणि एका जहाजावर चढतो. जहाज एका शहराला लागते. तिथल्या बादशहाचा सुंदर अक्षराचा वजीर वारलेला असतो, म्हणून बादशहाची माणसे एक लांब कागद घेऊन जहाजावर येतात आणि प्रत्येकाला एकेक ओळ लिहायला सांगतात. माकड तो कागद हिसकावते. लोक ओरडतात की आता हे फाडणार, नाहीतर पाण्यात टाकणार. माकड कलम मागते आणि वेगवेगळ्या वळणांच्या अक्षरांत ओळींमागून ओळी लिहून देते.

बादशहा खूष होतो. माकडाला मानाचा पोशाख मिळतो, ते दस्तरखानावर बसते, बुद्धिबळात बादशहाला हरवते. ही गंमत मुलीनेही पाहावी म्हणून बादशहा शहजादीला बोलावतो. ती येते, माकडाकडे बघते आणि झटकन चेहरा झाकून घेते. म्हणते, अब्बाजान, परक्या पुरुषासमोर तुम्ही मला कसे बोलावले? बादशहा चक्रावतो. इथे मी आहे, तुला लहानाचा मोठा केलेला नोकर आहे आणि हे माकड आहे. परका पुरुष कुठला? तेव्हा ती सांगते, हे माकड नाही.

शहजादीला जादू येत होती, म्हणून तिने ओळखले, हे खरे. पण ओळखल्याबरोबर तिने मंत्र म्हटला नाही. आधी चेहरा झाकला. माणसासमोर जसे वागायचे तसे ती वागली.

ही जागा आम्हाला एवढी का लागली ते सांगायला आमच्या घरातले थोडे सांगावे लागेल.

आम्ही दोघी जावा, हिंगणघाटच्या. थोरली आर्वीहून आली, धाकटी पुलगावहून. दोघी मराठी शाळेत शिकलेल्या, म्हणून घरात उर्दू बोललो तरी लिहायचे म्हटले की मराठीच हाताला येते. आमचे सासरे, ज्यांना आम्ही अब्बा म्हणतो, गावातल्या एका जिनिंगमध्ये तीसेक वर्षे दिवाणजी होते. कापसाच्या गाड्या, काटा, गाठी, मजुरांचा हिशेब, सगळे त्यांच्या हातचे. अक्षर मोत्यासारखे, मराठीही आणि उर्दूही. आजही शेजारपाजारचे लोक जुने कागद काढून दाखवतात की हे दिवाणजींच्या हातचे. ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ हे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणलेले पुस्तक त्यांनी कुठल्याशा वाचनालयाच्या रद्दीतून उचलले होते. इशाच्या नमाजनंतर नातवंडांना त्यातली एक गोष्ट, असा नेम होता. मध्येच थांबायचे आणि पुढचे उद्या, असे म्हणायचे. मुले रडायची.

अब्बांची दुसरी खूण म्हणजे त्यांचे खोकणे. घरात येताना ओसरीतच खोकणार. स्वयंपाकघराच्या दाराशी यायचे तर पुन्हा खोकणार, आणि आम्ही ओढण्या सावरेपर्यंत नजर जमिनीवर. लग्न होऊन इतकी वर्षे झाली, पण त्यांनी डोळे वर करून आमच्याशी बोलल्याचे फार आठवत नाही. त्यात राग नव्हता, परकेपणाही नव्हता. अदब होती.

दोन वर्षांपूर्वी नवतपा चालू होता, उन्हाने रस्ते ओस पडले होते, तेव्हा एका पहाटे वजू करताना अब्बा पडले. गावात म्हणतात तसा लकवा मारला. पण हा अर्ध्या अंगाचा नव्हता. हात, पाय, मान, जीभ, गिळणे, सगळेच गेले. रुग्णालयात बरेच दिवस काढले. घरी आणले तेव्हा नाकात नळी होती, लघवीची पिशवी होती, गळ्यातला कफ ओढायचे मशीन होते आणि एक कागद होता. सोडताना एका तरुण डॉक्टरांनी सांगितले, पेशंटला समजत नाही, सेवा करा.

सेवा म्हणजे काय ते ज्यांनी केली त्यांना सांगायला नको. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. नळीतून डाळीचे पाणी, ताक, ज्वारीची पातळ आंबील. वीज गेली की कफाचे मशीन बंद, म्हणून आधी इन्व्हर्टर घेतला आणि फ्रिज घेणे राहून गेले. घरातले पुरुष रात्री करायचे, दिवसा आम्ही. त्या धावपळीत, त्या गरमीत, ओढणी कधी खांद्यावर, कधी खुंटीवर.

भेटायला येणारे खूप. खाटेभोवती खुर्च्या टाकून बसायचे आणि अब्बांच्या अंगावरून एकमेकांशी बोलायचे. किती दिवस काढतील? पैसा किती लागतोय? सुटले तर बरे. एक जण तर त्यांच्या उशाशी बसून फोनवर म्हैस विकत होता.

धाकटीच्या पहिल्यांदा लक्षात आले. ती म्हणाली, भाभी, मी डोक्यावर ओढणी घेऊन गेले की अब्बा माझ्याकडे बघतात. तशीच गेले की नजर खाली घेतात.

थोरली म्हणाली, काहीतरीच. मग दोघींनी दोन दिवस नीट पाहिले. खरे होते. मशीन सुरू करायला कुणी उघड्या डोक्याने आत गेली की अब्बांची बुबुळे सावकाश खाली जात आणि ती बाहेर पडेपर्यंत खालीच राहत. सगळ्या शरीरात एवढी एकच गोष्ट त्यांच्या हातात उरली होती आणि ती ते अदब पाळायला वापरत होते.

तिसऱ्या दिवशी दोघी डोके झाकून आत गेलो, सलाम केला आणि थोरलीने विचारले, अब्बा, तुम्हाला कळत असेल तर वर बघा.

त्यांनी वर बघितले.

पुढे एका डॉक्टरीणबाईंनी खाटेजवळ उभे राहून हेच केले: वर बघा, खाली बघा, दोनदा डोळे मिटा. मग आम्हाला कागदावर चित्र काढून समजावले. मेंदूतून खाली मणक्याकडे जाणारी सगळी हुकुमाची वाट एका अरुंद पुलावरून जाते. त्या पुलाची रक्तवाहिनी तुंबली की पुढची वाट तुटते. विचार करणारा मेंदू वरच्या बाजूला शाबूत राहतो, ऐकू येते, स्पर्श कळतो, पण हुकूम खाली पोचत नाही. डोळे वर-खाली करण्याचा आणि पापणी मिटण्याचा कारभार पुलाच्या वरच्या भागातून चालतो, म्हणून बहुधा तेवढाच वाचतो. डोळे डाव्या-उजव्या बाजूलाही फिरत नाहीत. या अवस्थेला ‘लॉक्ड-इन सिंड्रोम’ हे नाव १९६६ साली प्लम आणि पोस्नर या दोन अमेरिकन डॉक्टरांनी दिले. आत कोंडलेला, बाहेरून कुलूप. अनेकदा हे घरच्याच माणसाच्या आधी लक्षात येते, असेही बाई म्हणाल्या.

नाव १९६६ चे, पण गोष्टी सांगणाऱ्यांना हा माणूस केव्हापासून माहीत होता! आमची सहावीतली मुलगी, अब्बांची लाडकी नात, हे चित्र बघून म्हणाली, म्हणजे गिरडच्या दगडांसारखे. समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. टेकडीच्या उतारावर गोल गोल दगड पसरलेले असतात. भूगर्भवाले त्यांना खनिजाच्या गाठी म्हणतात. लोक सांगतात, दोन व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली, तेव्हा त्यांचा सगळा माल दगड झाला. त्यांनी माफी मागितली तेव्हा बाबांनी वाळलेल्या पानांपासून नवा माल करून दिला, आणि मग ते दोघे तिथेच राहिले. मुलगी तिथे गेली की एकेक दगड कानाला लावून बघते. तिला वर्गातल्या मैत्रिणींकडून अहल्येची शिळाही माहीत आहे. तिचा प्रश्न असा की दगड झाल्यावर आत कळत असेल का?

आम्हाला वाटते, गोष्टींच्या दोन जाती आहेत आणि फरक इथेच पडतो. काही गोष्टींत दगड म्हणजे शिक्षा, एवढेच. आत काय चालले आहे ते कुणी विचारत नाही. पण अलिफ लैलामधल्या काळ्या बेटांच्या शहजाद्याची गोष्ट तसे करत नाही. कोळ्याला रंगीत मासे सापडतात त्या तळ्याच्या पलीकडे त्याचा महाल आहे. बायकोच्या जादूने तो कमरेखाली दगड झाला आहे आणि वरचा अर्धा जिवंत. ती रोज येऊन त्या जिवंत भागावर चाबकाचे शंभर फटके मारते. लिहिणाऱ्याला माहीत होते की दगडाला दुखत नाही. दुखते ते आतल्या जाग्या माणसाला. फक्त त्या शहजाद्याकडे जीभ होती, त्याने येणाऱ्या सुलतानाला आपली हकीकत सांगितली. अब्बांच्या कपाळावर डास बसला की त्यांना तो चावेपर्यंत कळतो, आणि सांगता येत नाही.

हल्ली अशा माणसांवर भुताटकीच्या मालिका आणि सिनेमे निघतात. शरीरात कोंडलेला, आतून किंचाळणारा. घाबरवायला ते सोपे आहे. आम्ही दोघींनी एक अर्धा पाहून बंद केला. त्यांत कोंडलेल्याचे हाल असतात, पण त्याच्या खाटेपाशी बसून त्याला विचारणारे कुणी नसते.

विचारणारे माणूस फ्रेंच लेखक अलेक्झांडर द्यूमाने लिहिले आहे. त्याची ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ ही कादंबरी १८४४ ते १८४६ या काळात वर्तमानपत्रातून क्रमशः आली. तिच्यात नॉर्तिए नावाचे एक म्हातारे आजोबा आहेत. झटक्याने सगळे शरीर गेलेले, उरले फक्त डोळे. डोळे मिटले म्हणजे हो, अनेकदा मिचकावले म्हणजे नाही, वर बघितले म्हणजे काहीतरी हवे आहे. त्यांची नात वॅलेंटाइन अक्षरे एकेक म्हणते, आजोबा थांबवतात, मग ती शब्दकोश उघडून शब्दांवरून बोट फिरवते आणि हवा तो शब्द मिळवते. घरातला मुलगा, म्हणजे तिचा बाप, मोठा सरकारी वकील. पण आजोबांशी बोलणे त्याला अवघडच वाटते. नातीला आणि म्हाताऱ्या नोकराला सोपे. त्याच डोळ्यांनी आजोबा वकिलासमोर मृत्युपत्र करतात. आधी तो वकील कचरतो, हे कायद्यात कसे बसवायचे म्हणून. मग स्वतः प्रश्न विचारून खात्री करतो आणि लिहून घेतो.

आमच्या घरी अशी वेळ आली तेव्हा ही कादंबरी आम्हाला माहीतही नव्हती. नंतर घरातल्या एकाने मराठी रूपांतर आणून दिले. पण घडले ते तसेच.

नात्यातले एक गृहस्थ, नाव कशाला, कागद आणि शाईचे पॅड घेऊन आले. गावाबाहेरच्या आमच्या शेताच्या तुकड्याचा काही व्यवहार होता. अब्बांचा अंगठा हवा होता. सही करणाऱ्या दिवाणजींचा अंगठा! ते म्हणाले, त्यांना काय कळतेय, हात धरून लावू या, तुमचेच काम होईल. थोरलीने विचारले, अब्बा, हा अंगठा तुमच्या मर्जीने आहे? दोन पापण्या: नाही. उलटे विचारले, मर्जी नाही? डोळे वर: हो. गृहस्थ म्हणाले, डोळे तर सगळेच मिचकावतात. थोरली म्हणाली, मग तुम्ही असे काही विचारा, जे आम्हाला माहीत नाही. त्यांनी शेताचा जुना गट नंबर विचारला. आम्ही आकडे म्हणत गेलो, अब्बा थांबवत गेले. बरोबर निघाला. पण अब्बांचे डोळे काही खाली येईनात. आणखी सांगायचे आहे का? हो. मग अक्षरांवरून एकेक करत जे निघाले ते त्या गृहस्थांच्या मुलीच्या लग्नात अब्बांनी दिलेल्या उसन्या रकमेचे होते. आम्हा दोघींना तिचा पत्ता नव्हता. चहा न घेताच ते गेले.

इशाऱ्याला बोलण्याचा मान देणे आपल्याकडे नवे नाही. उस्मानी तुर्कांनी एकोणिसाव्या शतकात हनफी फिकहवरून जो दिवाणी कायदा बांधला, तो मजल्ला, त्याचे ७० वे कलम एवढेच सांगते की मुक्याचा ओळखीचा इशारा त्याच्या तोंडच्या बोलण्यासारखाच धरावा.

आता अक्षरांविषयी, कारण कुणाच्या घरी उपयोग व्हायचा. फ्रान्समध्ये झाँ-दोमिनिक बोबी नावाचे एका मासिकाचे संपादक होते. १९९५ च्या डिसेंबरात त्यांना असाच झटका आला. डाव्या डोळ्याची पापणी तेवढी राहिली. समोरचे माणूस अक्षरे म्हणायचे, हवे त्यावर ते पापणी मिटायचे. फ्रेंचमध्ये जास्त वापरात येणारी अक्षरे आधी, अशी वर्णमाला लावून घेतली होती. अशा रीतीने त्यांनी आख्खे पुस्तक सांगितले. ते १९९७ च्या मार्चमध्ये निघाले आणि काही दिवसांतच ते वारले.

आपल्या मराठीला अक्षरांचा क्रम बदलावा लागत नाही. वर्णमाला आधीच ओळींत बसलेली आहे. आमच्या मुलीने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत ती लिहिली: क ची ओळ, च ची, ट ची, त ची, प ची, प्रत्येकीत पाच, खाली य पासून दोन ओळी. एका बाजूला काना, वेलांट्या, उकार, मात्रा, अनुस्वार. आधी ओळ विचारायची: पहिली? दुसरी? डोळे वर गेले की ती ओळ. मग तिच्यातले अक्षर. मग काना-मात्रा. नुसते हो-नाही असते तेव्हा आपण आपल्या मनातले प्रश्न विचारतो. पाटी आली की त्यांच्या मनातले निघते.

पहिला शब्द काय येईल याची आम्ही सगळ्यांनी धडधडत वाट पाहिली. दुआ असेल, कुणाचे नाव असेल, अम्मींची, म्हणजे आमच्या मरहूम सासूची आठवण असेल. पाचवी ओळ, पहिले अक्षर, अनुस्वार. पहिली ओळ, दुसरे अक्षर, काना. पंखा! वारा दोन महिने थेट डोळ्यांवर येत होता आणि डोळे कोरडे पडून जळत होते.

दुसरी अडचण ही की दिवाणजींना अशुद्ध चालत नाही. मुलगी अंदाजाने शब्द पुरा करते, आणि वेलांटी चुकली की ते दोन पापण्या मिटून तिला मागे नेतात. एका ऱ्हस्व-दीर्घासाठी पाच मिनिटे. ती चिडते, ते डोळे वर करून हसतात. हसतात हे आम्हाला कळते. बाहेरच्याला दिसणार नाही.

एक दिवस आला: नमाज. पुढे काही नाही. प्रश्न होता की दुःख होते, ते आम्हाला ठरवता येईना. आम्ही मशिदीतल्या इमामसाहेबांना बोलावले. त्यांनी आल्यावर अब्बांनाच सलाम केला, खुर्ची त्यांच्या डोळ्यांसमोर घेतली आणि मसला अब्बांनाच सांगितला, आम्हाला नाही. हजरत इमरान बिन हुसैन यांना आजारपणात रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी सांगितले होते की उभ्याने पढा, जमले नाही तर बसून, तेही नाही तर कुशीवर. डोके हलवून इशारा करता येत असेल तर तसे. हनफी फिकहप्रमाणे डोकेही हलत नसेल तर नुसत्या डोळ्यांच्या इशाऱ्याची नमाज होत नाही, ती पुढे टाकली जाते आणि माणसावर भार राहत नाही; शाफई फिकहमध्ये डोळ्यांनी आणि तेही न जमल्यास मनाने पढायला सांगितले आहे. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी बसून या माणसाचा विचार केला होता, हलणारे काही न उरलेल्या माणसाचा, आणि त्याला बाहेर ठेवले नव्हते, हे ऐकून आम्हाला वेगळाच धीर आला. इमामसाहेबांनी विचारले, दिवाणजी, समजले? डोळे वर गेले.

तेव्हापासून अजान झाली की अब्बांच्या पापण्या खाली जातात आणि बऱ्याच वेळाने वर येतात. आत ते काय करतात, हे आम्ही कधी विचारलेले नाही.

आमच्या जिल्ह्यात न बोलण्याची मोठी ख्याती आहे. सेवाग्रामला गांधीजी सोमवारी मौन पाळायचे, काही सांगायचे तर चिठ्ठीवर लिहायचे, आणि लोक त्या चिठ्ठ्या जपून ठेवायचे. स्वतः निवडलेल्या मौनाला केवढा मान! लादलेल्या मौनापुढे बसून माणसे म्हैस विकतात.

पण एक गोष्ट आम्हा दोघींना बरेच दिवस खुपत होती. अब्बांची नजर खाली गेली म्हणून आम्हाला कळले. ज्यांची नजरही हलत नाही त्यांचे काय? २००६ साली केंब्रिजच्या डॉक्टरांनी अशीच एक तरुणी तपासली, अपघातानंतर कशालाच साद न देणारी. तिला मशीनमध्ये ठेवून सांगितले, मनात टेनिस खेळा. निरोगी माणसाच्या मेंदूचा जो भाग तेव्हा जागा होतो, तोच तिचा झाला. पण असे मशीन प्रत्येक खाटेला कुठून येणार?

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग आठवतात. तिथेच परिचारिका होत्या. १९७३ च्या नोव्हेंबरात तिथल्याच एका सफाई कामगाराने त्यांच्यावर हल्ला केला आणि मेंदूला इजा झाली. त्यानंतर जवळजवळ ४२ वर्षे, १८ मे २०१५ पर्यंत, त्या तिथेच होत्या. त्यांना जगवणे थांबवावे असा अर्ज सर्वोच्च न्यायालयात झाला, तेव्हा डॉक्टरांच्या समितीने तपासून सांगितले की ही कायमची अचेत अवस्था आहे. परिचारिकांनी अर्जाला विरोध केला. त्या म्हणत होत्या की आमच्या हातचे खाताना अरुणाला आवड-नावड कळते. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने अर्ज फेटाळला आणि एवढ्या वर्षांत पाठीला एक जखम होऊ दिली नाही म्हणून परिचारिकांचे कौतुक केले. त्यांतल्या कितीतरी जणी अरुणा पडल्या तेव्हा जन्मल्याही नव्हत्या. आत कोण आहे, किती आहे, याचा पुरावा त्यांच्यापाशी नव्हता.

हेच सगळे आम्ही एका संध्याकाळी अब्बांच्या खाटेपाशी बोलत होतो. हल्ली त्यांच्यासमोर बोलायचे तर त्यांना धरूनच बोलतो. मुलगी पुस्तक घेऊन आली होती. आता वाचते ती आणि मध्येच थांबायचे कुठे ते अब्बा पापणीने सांगतात. दुसऱ्या कलंदराची गोष्ट नुकतीच संपली होती. धाकटी म्हणाली, अब्बा, या गोष्टीत सगळ्यांत मोठी शहजादीच ना? तिने ओळखले, आणि त्याला माणूस करण्यासाठी ती स्वतः जळून राख झाली.

दोन पापण्या. नाही.

आम्ही पाटी पुढे केली. पहिली ओळ, पहिले अक्षर. पाचवी ओळ, पहिले अक्षर, पाय मोडलेले. चौथी ओळ, पहिले अक्षर, काना. चौथी ओळ, शेवटचे अक्षर.

कप्तान.

आम्हाला आठवेना. मुलीने पाने मागे उलटली. माकड जहाजावर चढते तेव्हा व्यापारी ओरडतात, अपशकुन आहे, मारा, समुद्रात फेका. माकड कप्तानाचा अंगरखा धरून रडते. कप्तान म्हणतो, याने माझा आसरा घेतला आहे, याला कुणी हात लावायचा नाही. त्याला जवळ बसवतो, खायला देतो, त्याच्याशी गोड बोलतो. कागद, कलम, सुंदर अक्षर, हे सगळे पुढे.

मुलीने विचारले, दादाजान, पण कप्तान का?

याला वीस मिनिटे लागली. मध्ये एकदा कफ ओढावा लागला, एकदा वेलांटीवरून भांडण झाले. निघाले ते असे: त्याला माहीत नव्हते.

थोडा वेळ कुणी काही बोलले नाही. मग अब्बांचे डोळे पुन्हा वर गेले. पाचवी ओळ, पहिले अक्षर, अनुस्वार. धाकटीने पुढचे न विचारताच उठून पंख्याचे तोंड फिरवले.